स्वदेशीचे पैसे कोणाच्या खात्यात?

श्रावणाची चाहूल लागली की नागपूरच्या दक्षिणेकडील बेसा परिसरात प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. एकेकाळचे हे शेतशिवाराचे गाव आता गृहसंकुलांची दाट वस्ती झाले आहे. ग्रामपंचायतीची जागा बेसा-पिपळा नगरपंचायतीने घेतली आहे. या संकुलांच्या सभागृहांत आणि आसपासच्या मंगल कार्यालयांत राखीपासून दिवाळीपर्यंत ‘प्रदर्शन व विक्री’चे कापडी फलक झळकत राहतात. मांडलेल्या टेबलांमागे दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, याच वस्तीतील गृहिणी, जी पणत्या रंगवते, वारली चित्रे काढते, पैठणीच्या काठाच्या पिशव्या शिवते. दुसरा, दुरून आलेला परंपरागत कारागीर: गडचिरोलीकडचा बांबूकाम करणारा, भंडारा जिल्ह्यातून कोशाचे कापड घेऊन आलेला विणकर, मातीकाम करणारा कुंभार. हिवाळ्यात हेच दृश्य मोठ्या प्रमाणावर सिव्हिल लाइन्समध्ये, १९८६ साली स्थापन झालेल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळ्यात पाहायला मिळते.

दृश्य सुखावह आहे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांना तर ते विशेष सुखावते. उद्घाटनाच्या भाषणात ‘व्होकल फॉर लोकल’चा गजर होतो, आत्मनिर्भरतेचे दाखले दिले जातात, दीपप्रज्वलन होते. परंतु तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टेबले आवरली जातात तेव्हा किती पैसे आले, त्यातले कारागिराचे किती, ते त्याच्या हाती कधी पडले आणि कोणाच्या खात्यातून फिरून पडले, हे प्रश्न विचारणारा तेथे कोणी नसतो. (उद्घाटकांच्या शालीचे पैसे मात्र रोख गेलेले असतात, हे सांगणे नलगे.) प्रस्तुत लेखकाच्या मते स्वदेशीची खरी कसोटी वस्तू कोठे तयार झाली एवढ्यावर संपत नाही. त्या वस्तूचे रास्त मोल, त्याच दिवशी, पूर्णपणे, ती घडवणाऱ्याच्या हाती पडले की नाही, येथे ती कसोटी लागते.

आपल्या ग्रामव्यवस्थेला हा प्रश्न नवा नव्हता. बलुतेदारीच्या सर्वच अंगांचे समर्थन आज कोणी करणार नाही. जन्माने बांधलेला धंदा आणि त्यातून आलेली उच्चनीचता यांचा हिशेब हिंदू समाजाला चुकवावाच लागला आणि लागेल. पण त्या व्यवस्थेतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सुतार, लोहार, कुंभार यांचे बलुते ही भीक नव्हती, तो हक्क होता. पीक खळ्यावर आले की त्यांचा वाटा तेथेच मोजून दिला जाई. मोबदल्याची वेळ ठरलेली, जागा ठरलेली, आणि गावासमक्ष मोजणी. इंग्रजी अमलात रोख साऱ्याची सक्ती आली, मँचेस्टरचे कापड आले, आणि कारागीर खळ्यावरच्या वाट्यालाही मुकला व बाजारातल्या भावालाही. पुढे १९०५ नंतर स्वदेशीची चळवळ उभी राहिली तेव्हा महाराष्ट्राने तिला केवळ होळीची धग दिली असे नव्हे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या ‘पैसा फंडा’तून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. भावनेला वहीखात्याची जोड मिळाली म्हणूनच ती भावना कारखान्याच्या भट्टीपर्यंत पोहोचली.

आजच्या प्रदर्शनांत नेमकी ही जोड तुटलेली आहे. प्रथम विक्रेत्याच्या बाजूने पाहू.

समजा, बेशातील एका भगिनीने रंगवलेल्या पणत्यांचा संच २०० रुपयांना विकला. तिच्या हिशेबाने माती, रंग, आरसे, गोंद मिळून सामान ६० रुपयांचे. म्हणजे १४० रुपये सुटले. ती आनंदात आहे. आता रोजकीर्द नीट मांडू. संच रंगवायला दीड तास लागला. घरकामाला येणाऱ्या बाईलाही आपण देऊ शकणार नाही असा अगदी साधा दर, ताशी ८० रुपये, धरला तरी मजुरीचे १२० रुपये होतात. पुठ्ठ्याचा खोका १० रुपयांचा. तीन दिवसांच्या स्टॉलचे भाडे ४,५०० रुपये आणि विकले गेलेले नग ९०, म्हणजे नगामागे ५० रुपये. बेरीज २४० रुपये. दर संचामागे ४० रुपयांचा तोटा घेऊन ही भगिनी घरी आली आहे. तिला तो दिसत नाही, कारण स्वतःच्या श्रमाची किंमत तिने शून्य धरली आहे. पतीच्या पगारावर घर चालते म्हणून हा तोटा पचतो. पण तिच्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या कुंभाराला याच भावाशी स्पर्धा करावी लागते, आणि त्याच्या घरी दुसरा पगार नाही. हौसेने कमी लावलेला भाव व्यवसायाने पोट भरणाऱ्याच्या पोटावर येतो, ही गोष्ट आपल्या महिला मंडळांच्या बैठकीत कधीतरी स्पष्टपणे बोलली गेली पाहिजे.

भाव पडण्याचे दुसरे कारण आपण ग्राहक. मॉलमधल्या छापील किमतीसमोर मुकाट्याने खिशात हात घालणारा गृहस्थ बांबूच्या टोपलीवर पन्नास रुपयांसाठी पंधरा मिनिटे घासाघीस करतो आणि वर ‘यांना सवय असते, मुद्दाम जास्त सांगतात’ असे समर्थन देतो. सवय असते, हे खरे. पण ती लावली कोणी? ग्राहक घासाघीस करणारच हे गृहीत धरून विक्रेता भाव चढवून सांगतो, आणि जो भिडस्त तो फसतो. किंमत लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक वस्तूला लावणे एवढ्या एका शिस्तीने दोन्ही बाजूंचा हा खेळ पुष्कळसा थांबतो. ग्राहक चळवळीने पॅकबंद मालावरील कमाल किमतीसाठी किती वर्षे झगडा केला, ते आठवावे; तीच पारदर्शकता कारागिराच्या बाजूने का नको?

आता पैसे घेण्याच्या पद्धतीकडे वळू. या बाबतीत गेल्या दशकात देशात जे घडले ते अभिमानास्पद आहे. २०१६ साली राष्ट्रीय देयक निगमाने युपीआय आणले, आणि जानेवारी २०२० पासून युपीआय व रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्क शून्य झाले. पूर्वी मेळ्यात कार्डयंत्र ठेवणे हे एम्पोरियमवाल्यांचे काम होते. आज टोपल्या विणणाऱ्याच्या टेबलावर क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा आहे आणि शंभर रुपयांतले शंभरही त्याला मिळतात. सुट्या पैशांवरून होणारी कटकट गेली, गल्ला घेऊन रात्रीच्या रेल्वेने जाण्याची धास्ती गेली. रूळ आपल्या देशाचे आहेत. त्यावरून धावणाऱ्या गाड्या मात्र बहुतांशी वॉलमार्ट आणि गूगल यांच्या आहेत, आणि ‘भीम’ला आपण विसरलो आहोत. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय.

आमचे म्हणणे वेगळेच आहे. पुढच्या प्रदर्शनात गेलात की एक प्रयोग करून पाहा. क्यूआर कोड वाचल्यावर मोबाइलच्या पडद्यावर जे नाव उमटते ते समोर बसलेल्या व्यक्तीचे आहे का, ते बघा. पुष्कळदा ते नसते. ते मुलाचे असते, पतीचे असते, गटप्रमुखाचे असते, माल घेऊन आलेल्या मध्यस्थाचे असते, आणि कधी कधी तर आयोजकांचेच. साउंडबॉक्स टेबलावर मोठ्याने रक्कम सांगतो आणि ती रक्कम दुसऱ्याच्याच खिशात जाते. बांबू जिने सोलला, तासला, विणला त्या बाईला संध्याकाळी किती जमा झाले हे विचारण्यासाठी कोणाच्या तरी तोंडाकडे पाहावे लागते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेमुळे आज तिच्याही नावाचे खाते आहे. त्या खात्याचा क्यूआर कोड काढून देण्यास आयोजकांच्या एका तरुण कार्यकर्त्याला अर्धा तास पुरेल. हा अर्धा तास कोणी देत नाही. ‘त्यांना मोबाइल वापरता येत नाही’ हे उत्तर तयार असते. ज्या हातांना बांबूच्या केसाएवढ्या पट्ट्या काढता येतात त्यांना चार आकडी पिन टाकता येणार नाही, हा समज कोणाच्या सोयीचा आहे?

पिनवरून आठवले. मेळ्यातील गर्दीचा फायदा घेऊन फसवणूक करणारे आहेतच. पैसे भरल्याचा खोटा पडदा दाखवून वस्तू घेऊन जाणारे आहेत, टेबलावरच्या कोडवर आपला कोड चिकटवणारे आहेत, आणि ‘पैसे पाठवतो, तेवढा पिन टाका’ असे सांगून उलट खाते रिकामे करणारेही आहेत. पिन केवळ पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. साउंडबॉक्सचा आवाज किंवा स्वतःच्या खात्यातील नोंद याशिवाय ग्राहकाच्या मोबाइलवरील कोणत्याही चित्रावर वस्तू सोडायची नाही. सकाळी टेबल मांडताना आपलाच कोड आपण एकदा वाचून नाव तपासायचे. आयोजकांनी नेटवर्कची सोय आणि या चार सूचनांचा मराठी व हिंदी फलक लावला, तर स्टॉलच्या भाड्याचे थोडे तरी सार्थक होईल.

विक्रेत्याने घ्यावयाची आणखी एक काळजी २०२५ च्या जुलैमध्ये बंगळुरूने शिकवली. कर्नाटकातील काँग्रेस सरकारच्या वाणिज्य कर विभागाने युपीआयवरील जमा पाहून हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या. पाहता पाहता शहरातील टपऱ्यांवर ‘युपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. घरातली उसनवार, नातेवाइकांकडून आलेले पैसेही उलाढालीत धरले गेले, अशी विक्रेत्यांची तक्रार होती. शेवटी सरकारने माघार घेतली, पण भीती उरली. बेशातल्या प्रदर्शनातही त्यानंतर ‘रोख द्या ना’ हा आग्रह ऐकू येऊ लागला. या भीतीवर रोखीकडे परतणे हा उपाय नव्हे. कलेच्या पैशासाठी वेगळे खाते ठेवावे, घरखर्चाचा एकही व्यवहार त्यातून करू नये, आणि रोज रात्री रोख व युपीआयची बेरीज एका वहीत मांडावी. कायदा छोट्या कारागिराच्या इतका विरोधात नाही. निव्वळ वस्तूंची विक्री असेल तर महाराष्ट्रात वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. परराज्यातील मेळ्यात माल न्यायचा तर अधिसूचित हस्तकला वस्तूंना २०१७ पासून ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. अट एवढीच की पॅन असावा आणि मालासोबत ई-वे बिल असावे, मग माल पाचशे रुपयांचा का असेना. हा शेवटचा नियम माहीत नसल्यामुळे सुरजकुंडला किंवा हैदराबादला निघालेली गाडी अडते आणि मेळ्याचा पहिला दिवस वाया जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक हस्तकला वस्तूंवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, हेही नोंदणीकृत विक्रेत्यांनी विसरू नये. जुन्या दराने बिल फाडणारे अजून भेटतात.

नोंदीचा खरा लाभ करापेक्षा पतीत आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला (भारतीय मजदूर संघ हाच दिवस राष्ट्रीय श्रम दिन मानतो) केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. सुतार, कुंभार, मूर्तिकार, टोपल्या-चटया विणणारे असे १८ व्यवसाय तीत आहेत. तारणाशिवाय प्रथम एक लाख आणि नंतर दोन लाखांचे कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते. शिवाय प्रत्येक डिजिटल व्यवहारामागे एक रुपया, महिन्याला शंभर व्यवहारांपर्यंत. एका रुपयाने कोणाचे घर चालत नाही, हे टीकाकारांचे म्हणणे बरोबर आहे. पण त्या रुपयामागे सरकारने एक गोष्ट मान्य केली आहे: आजवर सावकाराच्या वहीत ज्याचे नाव फक्त नावे बाजूला होते, त्याची जमेची बाजूही कोठेतरी लिहिली जावी. दुसऱ्याच्या क्यूआर कोडवर विक्री करणाऱ्या बाईची ही पत त्या दुसऱ्याच्या नावावर जमा होते. नुकसान त्या दिवसाच्या गल्ल्यापुरते राहत नाही.

हे सारे जमू शकते याचे उदाहरण विदर्भातच आहे. मेळघाटात धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील देशपांडे आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभे केले. कोरकू बांधवांना बांबूकामाचे प्रशिक्षण दिले, त्यांची सहकारी संस्था काढली, आणि बांबूच्या राख्या शहराशहरांत पोहोचवल्या. सुनीलजी २०२१ मध्ये करोनाने गेले. काम उभे आहे. राखीच्या व्यवहारात एक बारीक गोम असते, ती शहरातल्या मदत करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. पौर्णिमा उलटली की राखीची किंमत शून्य. ‘विकल्या तेवढ्यांचे पैसे देऊ, उरलेल्या परत करू’ या बोलीवर नेलेल्या राख्या भाद्रपदात परत येतात तेव्हा ती मजुरी जंगलातल्या माणसाच्या अंगावर पडते. आधी पैसे भरून राख्या उचलणारा आणि उरलेल्यांचा धोका स्वतः पत्करणारा कार्यकर्ता हाच खरा मदतनीस.

येथे आम्ही लेखाच्या नाजूक भागाशी येतो, कारण पुढील तक्रार परक्यांविषयी नाही. कंपन्या दिवाळीच्या भेटींसाठी बांबूचे डबे, मातीचे दिवे मागवतात आणि बिल साठ-नव्वद दिवस फिरवतात, हे सर्वज्ञात आहे. त्यावर कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी ४५ दिवसांच्या आत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे द्यावेच लागतात. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आयकराच्या नियमांतही १ एप्रिल २०२४ पासून अशी तरतूद आली की मुदतीत न चुकवलेली ही रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. कारागिराने फक्त ‘उद्यम’ नोंदणी केलेली हवी. ती विनाशुल्क आहे. गृहिणी-कलावंतानेही ती करावी.

परंतु आपल्या उत्सव समित्या, आपली मंडळे, आपल्या संस्था यांना कोणता कायदा सांगणार? एका कार्यक्रमासाठी दोनशे स्मृतिचिन्हे मागवणाऱ्या एका संस्थेने, तिचे नाव येथे घेत नाही, कारागिराचे पैसे सात महिन्यांनी दिले, तेही तीन हप्त्यांत. विचारणा केली तेव्हा ‘समाजाचेच काम आहे, त्यांनी थोडे समजून घ्यायला हवे’ असे उत्तर प्रस्तुत लेखकाला मिळाले. समाजाच्या कामासाठी मंडपवाला थांबला नव्हता, छपाईवाला थांबला नव्हता. थांबायला सांगितले गेले ते फक्त त्याला, ज्याला मागणे जमत नाही.

ज्या महालात संघाचे मुख्यालय आहे त्याच महालात चितारओळ आहे. भोसल्यांच्या राजधानीची परंपरा सांगणाऱ्या या गल्लीत आजही नागपूरचे गणपती आणि दुर्गा घडतात. व्यवहार बयाण्यावर चालतो: आषाढ-श्रावणात थोडी रक्कम देऊन मूर्ती सांगायची, उरलेली मूर्ती नेताना द्यायची. माती, तणस, रंग, हाताखालच्या माणसांची मजुरी हा सारा खर्च मूर्तिकाराने त्या बयाण्यातून आणि उरलेला कर्जातून करायचा. मूर्ती न्यायच्या दिवशी ढोल वाजत असतात, कार्यकर्ते गुलाल उधळत असतात, आणि अध्यक्ष मूर्तिकाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, ‘वर्गणी पूर्ण आली की बाकी पोहोचवतो.’ बाप्पाला दारात अडवून ठेवण्याची छाती कोणत्या मूर्तिकाराची होईल? दहा दिवसांनी मूर्ती पाण्यात जाते. विसर्जन झालेल्या मूर्तीची बाकी मागणार कशी? दुसरा धंदेवाला माल परत उचलून नेण्याचा धाक तरी घालू शकतो; देव घडवणाऱ्याला तीही सोय नाही.

बेसा आणि आसपासच्या नव्या वस्तीत दरवर्षी नवी मंडळे निघत आहेत, आणि त्यांतील कितीतरी तरुण आपल्या परिचयाचे आहेत. त्यांनी यंदा एवढे ठरवावे. मूर्ती सांगताना निम्मी रक्कम मूर्तिकाराच्या स्वतःच्या खात्यात टाकावी, चतुर्थीच्या आठ दिवस आधी उरलेली चुकती करावी, आणि मंडळाच्या जमाखर्चाच्या फलकावर मूर्तीचा खर्च ‘दिला’ या रकान्यात तारखेसह लिहावा. ढोल-ताशा पथकाचा बयाणा त्यानंतर द्यावा.